विमानाच्या प्रतिकृतीचा तोल

प्रश्न : बाल्सा लाकडाचे माझे ग्लायडर सोडताच नाक वर करते आणि आपटते. वजन कमी करण्यासाठी नाकातले शिसे काढावे काय?
— एक विद्यार्थी, सातारा

उत्तर : शिसे मुळीच काढू नका; दोष एकूण वजनाचा नसून ते कोठे एकवटले आहे याचा आहे, आणि तुमच्या वर्णनावरून शेपटीकडील भारच अधिक दिसतो. आयताकृती पंखाच्या पुढच्या कडेपासून रुंदीच्या २५ ते ३३ टक्क्यांच्या दरम्यान दोन्ही बाजूंस सारख्याच अंतरावर खुणा करून, त्यांखाली बोटांची टोके लावून विमान अलगद उचलावे, आणि शेपूट झुकल्यास ते समतल होईपर्यंत नाकात चिकणमाती भरण्याची तजवीज करावी. नाक किंचित जड राहिले तर बेलाशक राहू द्या. शेपटीकडे जड विमान मात्र आवरत नाही. पहिली चाचणी वारा पडलेला असताना, गवतावरच घ्यावी.