स्थिरविद्युत लाउडस्पीकर आणि खर्जाचे कोडे

कोरड्या केसांतून फिरवलेला कंगवा कागदाच्या कपट्यांजवळ नेला की कपटे उडून त्याला चिकटतात, हे तुम्ही पाहिले आहे. याच आकर्षणाच्या बळावर चालणारा लाउडस्पीकरही असतो. त्याला स्थिरविद्युत लाउडस्पीकर म्हणतात. त्याचा आवाज विलक्षण स्वच्छ, पण खर्ज मात्र दुबळा, असे जाणकार सांगतात. समजा, शाळेच्या संगीताच्या वर्गासाठी लाउडस्पीकर निवडण्याचे काम तुमच्याकडे आले, तर हा घ्यावा की नाही? उत्तर द्यायचे तर आधी त्याची रचना समजून घेतली पाहिजे.

दोन प्रकारची रचना

नेहमीच्या लाउडस्पीकरमध्ये चुंबकाच्या फटीत तारेचे वेटोळे असते आणि त्याला कागदाचा शंकू जोडलेला असतो. ही रचना अमेरिकेतील राइस आणि केलॉग यांनी १९२५ साली मांडली. वेटोळे शंकूला मध्यभागी ढकलते आणि बाकीचा शंकू त्याच्यामागून ओढला जातो. त्यामुळे वरच्या पट्टीत शंकूचे सगळे भाग एकदम हलत नाहीत.

स्थिरविद्युत लाउडस्पीकरमध्ये वेटोळे नाही, शंकूही नाही. भोके पाडलेल्या दोन धातूच्या पत्र्यांमध्ये प्लॅस्टिकचा पातळ पडदा ताणून बसवलेला असतो. पडद्यावर किंचित वीजवाहक लेप देऊन त्याला काही हजार व्होल्टचा दाब दिलेला असतो. पडदा धनभारित आहे असे समजा. संगीताचा विद्युतसंदेश आला की एक पत्रा ऋण होतो, दुसरा धन. एक पडद्याला ओढतो, दुसरा ढकलतो. संदेश उलटला की पडदा उलट दिशेने सरकतो. हे बल पडद्याच्या सर्व भागांवर सारखेच पडते.

आता पडद्याचे वजन पाहा. १२ मायक्रॉन जाडीच्या पॉलिएस्टर पडद्याचा एक चौरस मीटर तुकडा सुमारे १७ ग्रॅम भरतो. सुमारे १.४ सेंटिमीटर जाडीच्या हवेच्या थराचे वजनही तेवढेच! इतका हलका पडदा संदेशाबरोबर लगेच हलतो आणि लगेच थांबतो. सतारीच्या तारेवरचा नखीचा आघात किंवा गायकाचा बारीक श्वास त्यातून स्पष्ट ऐकू येतो, तो यामुळेच.

इंग्लंडमध्ये पीटर वॉकर यांनी तयार केलेला ‘क्वाड’ लाउडस्पीकर १९५७ साली विक्रीस आला. साऱ्या स्वरपट्ट्यांसाठी स्थिरविद्युत पडदेच वापरणाऱ्या लाउडस्पीकरांत तो सर्वांत प्रसिद्ध ठरला.

मग खर्ज कुठे जातो?

याला दोन कारणे आहेत. पडदा पुढे सरकला की पुढची हवा दाबली जाते, पण त्याच क्षणी मागची हवा विरळ होते. पडदा दोन्ही बाजूंनी उघडा असल्याने पुढची दाबलेली हवा कडेवरून वळून मागची उणीव भरून काढते. आवाजाचा वेग सेकंदाला ३४० मीटर धरू. ४००० हर्ट्झच्या स्वराची तरंगलांबी ८.५ सेंटिमीटर येते. ती मीटरभर रुंदीच्या पडद्यापुढे लहान, म्हणून तो स्वर सरळ तुमच्याकडे येतो. ४० हर्ट्झच्या स्वराची तरंगलांबी मात्र ८.५ मीटर! त्याच्यापुढे पडदा चिमुकला ठरतो आणि पुढचा-मागचा आवाज एकमेकांना बराचसा खोडून टाकतात.

दुसरे कारण असे. कंप्रता निम्मी झाली, तर तेवढाच दाब निर्माण करण्यासाठी पडद्याला चौपट सरकावे लागते. पत्र्यांमधली जागा तर काही मिलिमीटरच असते. ती वाढवावी तर बल घटते. व्होल्टचा दाब वाढवावा तर ठिणगी पडण्याचा धोका. म्हणून खर्ज हवा असेल तर पडदा मोठा करणे हाच सरळ मार्ग उरतो.

करून पाहा

प्रयोगशाळेतला पेटीबाहेरचा लहान लाउडस्पीकर शिक्षकांच्या मदतीने बॅटरीवर चालणाऱ्या ट्रान्झिस्टरला जोडा. संगीत पातळ, चिरके वाटेल. आता जाड पुठ्ठ्याच्या मोठ्या तुकड्याला शंकूएवढे भोक पाडून लाउडस्पीकर त्यावर घट्ट बसवा. खर्ज भरून येईल, कारण पुठ्ठ्याने मागच्या हवेची वाट अडवली. स्थिरविद्युत लाउडस्पीकर मात्र कधीही उघडू नका. आत हजारो व्होल्ट असतात.

निवड कशी करावी?

तुम्ही काय ऐकणार, हे आधी ठरवा. कंठसंगीत, सतार, व्हायोलिन, बासरी यांसाठी आणि बेताच्या खोलीसाठी स्थिरविद्युत लाउडस्पीकर उत्तम. तो भिंतीला चिकटवून ठेवू नये. मागे मोकळी जागा सोडावी. पाइप ऑर्गन, मोठे नगारे, विद्युत बास गिटार किंवा मोठे सभागृह असेल तर वेटोळ्याचा लाउडस्पीकर बरा. सर्व प्रकारचे संगीत हवे असेल तर जोडरचना पाहावी. तिच्यात खर्ज पेटीतल्या शंकूकडे आणि बाकीचे स्वर पडद्याकडे सोपवलेले असतात. अशी जोडी ऐकताना एकाच गोष्टीकडे कान द्या : खालून वर जाणारा स्वर मध्येच आपला पोत बदलतो का? जड शंकू आणि हलका पडदा यांचा मेळ बसवणे हेच तिथले कठीण काम असते. शिवाय धूळ आणि दमट हवा उच्च दाबाच्या पडद्याला मानवत नाही, हे कोकणातल्या वाचकांनी विशेष लक्षात ठेवावे.

कमी खर्ज ही कारागिराची हयगय नव्हे. ज्या हलक्या, उघड्या पडद्यामुळे आवाज स्वच्छ येतो, त्याच पडद्यामुळे खर्ज निसटतो. म्हणून “सर्वांत चांगला कोणता?” असे न विचारता “कशासाठी चांगला?” असे विचारावे.

सोडवून पाहा

व्हायोलिनच्या सर्वांत खालच्या तारेचा स्वर १९६ हर्ट्झचा आणि डबल बासच्या सर्वांत खालच्या तारेचा सुमारे ४१ हर्ट्झचा असतो. दोन्हींची तरंगलांबी काढा. एक मीटर रुंदीचा उघडा पडदा कोणाला अधिक न्याय देईल, ते सकारण लिहा.