कासवाला अंगण दाखवताना

मे महिन्यात मुंबई-पुण्याची माणसं गावी येतात आणि हल्ली त्यांच्यासोबत त्यांचे पाळीव जीवही येतात. कुत्र्या-मांजरांची सवय आम्हाला होती. माझ्या दिरांचं बिऱ्हाड डोंबिवलीहून मालवण तालुक्यातल्या चौक्याला आमच्या घरी आलं तेव्हा पुतणीच्या मांडीवर प्लास्टिकचा टब होता आणि त्यात डोळ्यामागे लाल पट्टा असलेलं हिरवं कासव. महिनाभर सुट्टी, मागे बघणारं कुणी नाही, म्हणून आणलेलं. पोरीला त्याला गावचं ऊन, गावची माती, समुद्र, सगळं दाखवायचं होतं. तिच्या मायेत खोट नव्हती. पण त्या सुट्टीत जे घडलं त्यावरून एक गोष्ट मला कळकळीनं सांगावीशी वाटते. पाळलेल्या कासवासाठी ‘बाहेर’ म्हणजे आपल्या नजरेखालचा, बंदिस्त, अर्ध्या सावलीचा अंगणातला तुकडा. त्यापलीकडचं बाहेर त्याच्यासाठी घातक आहे, आणि त्याच्यामुळे आपल्या पाण्यांसाठीही.

पहिला प्रसंग उन्हाचा. सकाळी टब खळ्यात माडाच्या सावलीला ठेवला होता. सावली सरकली, मुलं खेळायला गेली, आणि अकराच्या सुमाराला टब भर उन्हात. सासूबाई सोलं वाळत घालायला बाहेर आल्या आणि ओरडल्याच, “मुक्या जनावराक असां उन्हात कोण ठेवता? पाणी बघ केवढां तापलां हा!” कासव तोंड उघडून धापा टाकत होतं, पुढच्या पायांनी टबाची भिंत खरवडत होतं. पुतणी फ्रिजमधलं गार पाणी ओतायला धावली. तिला थांबवलं ते बरं झालं. जनावरांच्या डॉक्टरांशी फोनवर बोललो, तेव्हा त्यांनीही तेच सांगितलं: आधी सावलीत न्या, मग विहिरीचं साधं, न गारठलेलं पाणी थोडं थोडं घाला, एकदम बर्फाचा धक्का देऊ नका. संध्याकाळपर्यंत ते पुन्हा मान बाहेर काढून बघायला लागलं.

कासवाचं रक्त आपल्यासारखं स्वतःहून एका तापमानाला राहत नाही. थंडी वाजली की ते उन्हात येतं, तापलं की पाण्यात किंवा सावलीत जातं. शरीराचं तापमान सांभाळायचा त्याच्याकडे हाच मुख्य उपाय. उथळ टबात तो उपाय आपण काढून घेतो. या जातीला शेकायला तीस-बत्तीस अंश आणि पोहायला चोवीस ते अठ्ठावीस अंशांचं पाणी मानवतं. मालवणच्या मे महिन्यात हवाच तेहतीस-चौतीसला पोचते, मग प्लास्टिकच्या टबातल्या चार बोटं पाण्याचं काय होत असेल ते सांगायला नको.

म्हणून ऊन नकोच, असं मात्र नाही. उन्हातल्या अतिनील किरणांवाचून त्याच्या अंगात ड जीवनसत्त्व तयार होत नाही, आणि त्यावाचून कॅल्शियम हाडांत आणि कवचात मुरत नाही. कवच मऊ पडतं, वेडंवाकडं वाढतं. खिडकीच्या साध्या काचेतून ते किरण जवळजवळ येत नाहीत, त्यामुळे काचेच्या टाकीत खिडकीपाशी ठेवलेल्या कासवाला ऊन दिसतं पण लाभत नाही. शहरातल्या फ्लॅटमध्ये त्यासाठी खास दिवा लावावा लागतो. गावी आलं तर सकाळचं कोवळं ऊन अर्धा तास पुष्कळ झालं. मात्र त्या अर्ध्या तासातही सावलीत जायची वाट त्याला मोकळी हवी.

दुसरा प्रसंग गडग्याचा. टबातून काढून त्याला गवतावर सोडलं होतं आणि सगळे फणस फोडायच्या गडबडीत. कासव हळू चालतं हा आपला समज. पाणकासव घाबरलं की भराभर पळतं, आणि नखांच्या जोरावर चढतंसुद्धा. सगळी पाणंद धुंडाळली. शेवटी ते गडग्याच्या चिऱ्यांमधल्या एका भोकात सापडलं, तेही मागचा पाय दिसला म्हणून. अशा भोकांतून साप असतात, हे गावच्या माणसाला सांगावं लागत नाही. काठीनं आजूबाजूला ठोकून, टॉर्च मारून, मग माझ्या मिस्टरांनी ते बाहेर काढलं.

त्या दिवशी शेजारच्या एका गृहस्थांनी सल्ला दिला की कवचाच्या कडेला भोक पाडून दोरी ओवा, कुठे जाणार नाही. हा सल्ला फार जण देतात, म्हणून स्पष्ट लिहिते. कवच हे कासवाचं घर नव्हे, ते त्याचं अंग आहे. पाठीचा कणा आणि बरगड्या त्यातच जुळलेल्या असतात, त्यात रक्त आणि संवेदना असते. भोक पाडणं म्हणजे जिवंत हाडात पाडणं. कवचाला रंग लावणं, नाव रंगवणं हेही नको.

दोरीऐवजी आम्ही चिऱ्यांचं कोंडण केलं. चार-पाच हातांचा चौकोन, भिंत दीड-दोन फूट उंच, खालचा थर मातीत थोडा पुरलेला, कारण कासव खणतं. कोपऱ्यांत ते पाय रोवून चढतं, म्हणून कोपऱ्यांवर आडव्या फळ्या. वर लोखंडी जाळी. घरात पडलेली मासे पकडायची जुनी जाळी मुद्दाम वापरली नाही, कारण तिच्यात नखं आणि मान अडकते. जाळी हवीच, कावळे आणि घारी लहान कासव सहज उचलतात, मुंगूस आणि कुत्रे आहेतच. कोंडणाच्या अर्ध्या भागावर माडाची झापं टाकली आणि पाण्याचं पसरट घमेलं त्या सावलीतच ठेवलं, कासव पूर्ण बुडेल इतकं पाणी आणि चढून यायला उतरता दगड. आंबा-काजूच्या कलमांवर फवारणी झालेल्या जागेचं गवत-पाला जवळ येऊ द्यायचा नाही. हुमल्यांची रांग जवळून जाते का, तेही बघायचं. वळवाचं आभाळ दिसलं की कासव आधी घरात, एका सरीत कोंडण भरतं आणि ते तरंगत वर येतं. इतकं सगळं करूनही जवळ मोठं माणूस बसलेलं असायलाच हवं. शाळकरी मुलीवर ही जबाबदारी टाकू नये, तिचं लक्ष जाणारच.

हातांचं आणखी एक. दिसायला धडधाकट कासवाच्या अंगावरही साल्मोनेला जंतू असू शकतात, त्यांनी लहान मुलांना जुलाब-ताप येतो. याच कारणानं अमेरिकेनं १९७५ साली चार इंचांपेक्षा लहान कवचाची कासवं विकायला बंदी घातली. कासव हाताळलं की साबणानं हात धुवायचे, त्याला तोंडाजवळ न्यायचं नाही. टब मोरीत किंवा विहिरीच्या काठावर धुवायचा नाही. आम्ही ते पाणी विहिरीपासून लांबच्या माडाच्या आळ्यात ओतत होतो.

आणि आता समुद्र. एका संध्याकाळी दीर-जाऊ मुलीला आणि कासवाला घेऊन तारकर्लीला गेले. किनाऱ्यावर गर्दी जमली. कुणी फोटो काढले, कुणी म्हणालं, सोडा की त्याला, आपल्या घरी जाईल बिचारं. पोरीचे डोळे भरले, दीरही विरघळले होते. तिथेच रापण ओढून झालेल्या एका वयस्क रापणकरानं ते हातात घेऊन उलटसुलट पाहिलं आणि म्हणाला, “ह्यां गोड्या पाण्यातलां. ह्येचे पाय बघा, नखां आसत. दर्यातल्या कासवाचे पाय वल्ह्यांसारखे आसतत. दर्यात सोडशात तर मरतलां.” त्याचं म्हणणं खरं आहे. समुद्री कासवांच्या डोळ्यांजवळ मीठ बाहेर टाकणाऱ्या ग्रंथी असतात. या कासवाकडे तशी सोय नाही. शिवाय वाळूत सोडलं तर ते खाण्याबरोबर वाळू गिळतं आणि आतडं तुंबतं. पुळणीवर त्याला नेऊच नये.

घरी आल्यावर कुणी धामापूरच्या तलावाचं नाव काढलं, कुणी आपल्याच विहिरीचं. विहिरीत कासव असलं की पाणी स्वच्छ राहतं, हा जुना समज. इथे मी ठाम नकार दिला. लाल कानांचं हे कासव मूळ अमेरिकेच्या मिसिसिपी खोऱ्यातलं. जगातल्या सर्वांत उपद्रवी शंभर परक्या जातींच्या यादीत त्याचं नाव आहे. वीस-तीस वर्षं जगतं, ताटाएवढं वाढतं, मिळेल ते खातं, आणि शेकायच्या जागांवरून देशी कासवांना हुसकावतं. केरळात ही कासवं ओढ्या-कालव्यांत सापडू लागली, तेव्हा तिथल्या वन संशोधन संस्थेनं लोकांना घरची कासवं आणून द्यायचं आवाहन केलं. धामापूरच्या तलावाला २०२० साली जागतिक सिंचन वारसा म्हणून मान मिळाला. पिढ्यानपिढ्या ज्या पाण्यावर शेती उभी आहे, त्यात आपल्याला नकोसा झालेला जीव ढकलायचा हक्क कुणालाच नाही.

याची उलट बाजूही मुलांना सांगायला हवी. पहिल्या पावसात शेताच्या बांधावर आपली देशी कासवं चालताना दिसतात. सोबत म्हणून त्यातलं एखादं उचलून आणायचा मोह होतो. ते पाळणं वन्यजीव संरक्षण कायद्यानं गुन्हा आहे. चांदण्यांच्या नक्षीचं कासव कुणी विकायला आणलं तरी तेच. जखमी कासव सापडलं तर वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर कळवावं.

पुतणीला मात्र मी एक शब्द दिला आहे. पुढच्या वेळी परीक्षा लवकर संपली तर मार्च-एप्रिलमध्ये ये, वेंगुर्ल्याच्या वायंगणीला किंवा देवगडच्या तांबळडेगला जाऊ. तिथे ऑलिव्ह रिडलेची पिल्लं घरट्यातून निघून समुद्राकडे जाताना लांबून बघता येतात. हात न लावता, फ्लॅश न मारता, त्यांच्या वाटेत उभं न राहता.

परतीच्या प्रवासासाठी टब पाण्यानं भरून नेऊ नका, असं मी जावेला बजावलं. गाडीच्या हिसक्यांनी कासव आपटतं आणि उलटं पडलं तर उथळ पाण्यातही गुदमरतं. हवेची भोकं पाडलेला खोका, तळाशी ओलसर पंचा, निघण्याआधी खाणं नाही. महामार्गावर जेवायला थांबाल तेव्हा खोका बरोबर घेऊन उतरा, बंद गाडी उन्हात काही मिनिटांत तापते. दिरांनी खोका पुढच्या सीटखाली, एसीचा झोत थेट लागणार नाही असा ठेवला, आणि कणकवलीत चहाला थांबले तेव्हा पुतणीनं तो मांडीवर घेतल्याचा फोटो पाठवला.