चक्कर येते, मग संधिवाताची तपासणी कशाला?

प्रश्न : माझी पत्नी 34 वर्षांची आहे. उठून उभी राहिली की तिच्या डोळ्यांपुढे अंधारी येते, छातीत धडधडते. डॉक्टर म्हणतात, स्वायत्त मज्जासंस्थेचा बिघाड आहे. त्यांनी ‘एएनए’ ही रक्ततपासणी सांगितली. ती तर संधिवाताची ना?
– एक वाचक, धर्मापुरी (जि. बीड)

उत्तर : नाडी, रक्तदाब, घाम, पचन, डोळ्यांतला ओलावा हे सारे आपल्या नकळत सांभाळते ती स्वायत्त मज्जासंस्था. प्रतिकारशक्ती कधी कधी आपल्याच शरीरावर उलटते. तेव्हा सांध्यांप्रमाणे हे बारीक मज्जातंतूही तिच्या तडाख्यात सापडतात. म्हणून ही तपासणी.

पण आधी बिघाडाची खात्री हवी. पाच-दहा मिनिटे आडवे पडून नाडी आणि रक्तदाब मोजायचा, मग उभे राहून दहा मिनिटांपर्यंत पुन्हा पुन्हा मोजायचा. शेजारी कुणीतरी हवेच. तीन मिनिटांत वरचा रक्तदाब 20 ने किंवा खालचा 10 ने उतरला, तर तो एक प्रकार. रक्तदाब टिकून नाडी 30 किंवा जास्त ठोक्यांनी वाढली, तर ‘पॉट्स’चा, म्हणजे उभे राहिल्यावर नाडी फार वाढण्याच्या विकाराचा, संशय येतो. मधुमेह, रक्तक्षय, थायरॉइड, बी-12 ची कमतरता आणि चालू गोळ्याही तपासून घ्याव्यात.

त्यानंतर प्रतिकारशक्ती उलटल्याच्या खुणा शोधायच्या. भाकरीचा घास पाण्याशिवाय उतरत नाही, डोळ्यांत वाळू गेल्यासारखे खुपते, असे असेल तर ‘शोग्रेन’ आजार आठवावा. स्वीडनच्या नेत्रतज्ज्ञ हेन्रिक शोग्रेन यांनी 1933 मध्ये तो सविस्तर मांडला. खालच्या पापणीत कागदाची पट्टी अडकवतात; पाच मिनिटांत ती 5 मिलिमीटरही भिजली नाही, तर डोळे कोरडे समजतात. सोबत ‘अँटी-रो’ (एसएस-ए) तपासणी स्वतंत्र मागावी, कारण एएनए निगेटिव्ह येऊनही ती पॉझिटिव्ह येऊ शकते.

उलट, नुसती एएनए पॉझिटिव्ह आली म्हणून घाबरू नका. 1:160 या पातळीला ती शंभर निरोगी माणसांतल्या सुमारे पाच जणांतही पॉझिटिव्ह येते.

मात्र काही दिवसांत किंवा आठवड्यांत उभे राहणेच अशक्य झाले, लघवी अडली, बद्धकोष्ठता वाढली, भर उन्हाळ्यातही घाम येईना, तर थांबू नका. मज्जातंतूंच्या गाठींवर प्रतिपिंडांचा हल्ला झाल्यानेही असे होते, आणि त्यावर उपचार आहेत. अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय तुम्हाला जवळ आहे.

जाताना रक्ताच्या रिपोर्टसोबत आडव्या-उभ्या नोंदींचा कागदही न्या. ते दोन्ही शेजारी ठेवले, तरच रिपोर्टचा अर्थ लागतो.