बादल्यांची रांग

मुलांनो, घंटा वाजवत भरधाव जाणारी लाल गाडी तुम्ही पाहिली असेल. ती अग्निशामक दलाची गाडी. तिला आपण ‘आगीचा बंब’ म्हणतो. ती दिसताच इतर वाहने बाजूला होऊन तिला वाट देतात. पण असा बंब नव्हता, तेव्हा लोक आग कशी विझवत असतील? चला, त्याची एक गोष्ट ऐकू या.

अमेरिकेत फिलाडेल्फिया नावाचे शहर आहे. १६८२ साली ते वसले. नदीकाठी व्यापार वाढला, तशी वस्तीही वाढली. घरे एकमेकांना खेटून उभी राहिली. थंडीत प्रत्येक घरात शेकोटीसाठी लाकडे जळत. घरोघरी पाण्याचे नळ मात्र नव्हते. १७३० साली नदीच्या धक्क्यावर मोठी आग लागली. वखारी जळाल्या, घरेही जळाली. आग विझवायला पुरेशी साधने नव्हती.

त्या शहरात बेंजामिन फ्रँकलिन राहत होते. ते छापखाना चालवत आणि वर्तमानपत्र काढत. १७३५ साली त्यांनी आपल्याच वर्तमानपत्रात एक पत्र छापले. त्यात त्यांनी मोठी गंमत केली. वय अवघे एकोणतीस वर्षांचे. पण पत्र लिहिले ते एका म्हाताऱ्याच्या नावाने! “माझे हात आता चालत नाहीत. आग विझवायला मी येऊ शकत नाही. म्हणून चार शब्द सांगतो,” अशा अर्थाचे ते पत्र होते. लोक फावड्यातून जळते निखारे एका खोलीतून दुसऱ्या खोलीत नेत. एखादा निखारा फटीत पडे आणि मध्यरात्री घर पेटे. तेव्हा निखारे झाकून न्या, धुराडी वेळेवर साफ करून घ्या, असे त्यांनी सुचवले. लागलेली आग विझवण्यापेक्षा ती लागूच न देणे किती सोपे!

लोकांना ते पटले. ७ डिसेंबर १७३६ रोजी ‘युनियन फायर कंपनी’ स्थापन झाली. येथे कंपनी म्हणजे माणसांचा गट. सभासद होते गावातलेच लोक. त्यांना पगार नव्हता. प्रत्येकाने चामड्याच्या बादल्या आणि मजबूत पिशव्या तयार ठेवायच्या, असा नियम होता. बादल्या पाण्यासाठी आणि पिशव्या घरातले सामान बाहेर काढण्यासाठी.

आग लागली, की लोक रांगेत उभे राहत. भरलेल्या बादल्या हातोहात पुढे जात आणि रिकाम्या बादल्या मागे येत. मधला एक हात थांबला, तर सगळी रांग थांबे.

सभासद दरमहा एकत्र जमत आणि आगीविषयी चर्चा करत. जो गैरहजर राही, त्याला दंड होई. त्या दंडातून शिड्या, आकडे आणि पाणी फेकणारे हातपंप घेतले जात. लवकरच अनेकांना सभासद व्हावेसे वाटू लागले. पण एका कंपनीत तीसच माणसे घेत. म्हणून लोकांनी आणखी कंपन्या काढल्या.

पुढे शहर फार मोठे झाले. आगीपाशी आधी कोण पोहोचतो, यावरून कंपन्यांमध्ये भांडणे आणि मारामाऱ्याही होऊ लागल्या. तेव्हा १८७१ साली शहराने पगारी अग्निशामक दल सुरू केले. तरीही अमेरिकेतल्या अनेक लहान गावांत आजही गावकरीच आग विझवायला धावतात.

आपल्याकडेही असे शूर जवान आहेत. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या गोदीत स्फोटके भरलेले जहाज पेटले. आग विझवताना अग्निशामक दलाच्या अनेक जवानांना प्राण गमवावे लागले. त्यांच्या स्मरणार्थ १४ एप्रिल हा दिवस देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळतात.

मुलांनो, कुठे आग दिसली, तर लगेच मोठ्यांना सांगा. १०१ किंवा ११२ या क्रमांकावर दूरध्वनी करा. आणि घरात काडेपेटीशी कधी खेळू नका. बादल्यांच्या रांगेतला तो तुमचा हात समजा.

स्वाध्याय

१. फ्रँकलिन यांनी पत्रात लोकांना काय सुचवले?
२. सभासद पिशव्या कशासाठी ठेवत?
३. तुमच्या घरात आग लागू नये म्हणून कोणती काळजी घेतात? घरच्यांना विचारा व लिहा.