मिरजेच्या घराची किल्ली

सोलापूर, २ ऑक्टोबर

ओंकार,

तुझा निरोप वाचला. मिरजेच्या राउटरवर पोर्ट फॉरवर्ड करून घेतोस, म्हणजे बेंगळुरूतून कॅमेरेही दिसतील आणि बाबांच्या कॉम्प्युटरवरचे कागदही काढता येतील, पाच मिनिटांचं काम आहे, असं तू लिहिलंयस. काम पाच मिनिटांचंच आहे, आणि मला काळजी वाटते ती त्यामुळेच. फोनवर सगळं नीट सांगता येणार नाही, म्हणून लिहितोय.

आधी माझ्या हातून काय झालं ते ऐक. सात-आठ वर्षांपूर्वी बी-बियाणं आणि खतांच्या एका दुकानदाराला घरी बसून दुकानातला हिशेब बघायचा होता. मी राउटरमध्ये ३३८९ हे पोर्ट त्यांच्या कॉम्प्युटरकडे वळवलं, विंडोजचं रिमोट डेस्कटॉप चालू केलं आणि पैसे घेऊन घरी आलो. पासवर्ड होता दुकानाचं नाव आणि पुढे १२३. मार्चअखेरीला एका सकाळी त्यांचा फोन आला. एकही फाइल उघडत नव्हती, प्रत्येक फाइलच्या नावाला भलतंच शेपूट लागलं होतं आणि पडद्यावर पैसे मागणारी चिठ्ठी होती. बॅकअपची डिस्क त्याच कॉम्प्युटरला कायम जोडलेली, त्यामुळे तीही गेली. दोन वर्षांची उधारी त्या माणसानं एकेका गिऱ्हाइकाला विचारून पुन्हा वहीत उतरवली. मला ते एका शब्दानं बोलले नाहीत, आणि ते न बोलणं मला अजून टोचतं.

तू म्हणशील, मिरजेतल्या एका साध्या घराकडे कोण कशाला बघेल? माणूस बघत नाही रे, यंत्रं बघतात. आयपी व्ही४ चे पत्ते सगळे मिळून ४२९ कोटी. ऐकायला आकडा मोठा वाटतो, पण २०१३ साली मिशिगन विद्यापीठातल्या संशोधकांनी झीमॅप नावाचं साधन काढलं आणि एका कॉम्प्युटरवरून जगभरचे पत्ते एका पोर्टसाठी पाऊण तासात ठोठावून दाखवले. म्हणजे आज रात्री तू पोर्ट उघडलंस, तर सकाळचा चहा होईपर्यंत ते कुणाच्या तरी यादीत गेलेलं असेल. २०१६ मधलं मिराईचं प्रकरण तुला कॉलेजात कुणी सांगितलं का? तीन तरुण अमेरिकन मुलांनी लिहिलेला तो प्रोग्रॅम. त्यात फारशी हुशारी नव्हती. कारखान्यातून येणारी साठेक नाव-पासवर्डांची यादी घेऊन तो जगभरचे कॅमेरे, डीव्हीआर आणि राउटर उघडत सुटला. त्या वर्षी २१ ऑक्टोबरला अशाच लाखभर डब्यांनी मिळून साइटींचे पत्ते सांगणाऱ्या डाइन या कंपनीवर मारा केला आणि अमेरिकेत ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या साइटी तासन् तास बंद पडल्या. ज्यांचे डीव्हीआर त्यात सामील होते, त्यांना याचा पत्ताही नव्हता. तुझ्या घरातला, कॅमेऱ्यांचं चित्रण साठवणारा डीव्हीआर त्याच जातीचा आहे.

तेव्हा डीव्हीआर किंवा कॉम्प्युटर थेट बाहेर दाखवायचा नाही. घरात वायरगार्ड नावाचं व्हीपीएन बसवायचं, बाहेरून आधी त्याच्या बंदिस्त टनेलमध्ये शिरायचं आणि मग घरात असल्यासारखं सगळं वापरायचं. वायरगार्ड जेसन डोनेनफेल्ड यांनी लिहिलं, आणि २०२० च्या मार्चपासून ते लिनक्सच्या कर्नलमध्येच असतं. मूळ कोड चारेक हजार ओळींचा, म्हणजे एखादा जाणकार बसून वाचू शकेल एवढा. त्यात पासवर्ड नसतो. प्रत्येक उपकरणाच्या दोन किल्ल्या असतात: एक खासगी, ती त्या उपकरणातच राहते, आणि दुसरी सार्वजनिक, ती समोरच्याला द्यायची. किल्ली म्हणजे ४४ अक्षरांची एक ओळ, शेवटी बरोबरचं चिन्ह. मग यालाही एक पोर्ट उघडावं लागतंच की, असं तू विचारशील. लागतं, यूडीपीचं, बहुधा ५१८२०. फरक असा, की ओळखीची किल्ली नसेल तर वायरगार्ड उत्तरच देत नाही. रिमोट डेस्कटॉप अनोळखी माणसालाही 'पासवर्ड सांग' म्हणतो. वायरगार्ड गप्प बसतं, त्यामुळे ठोठावणाऱ्याला आत कुणी आहे हेच कळत नाही.

फोनसाठी एक, लॅपटॉपसाठी एक, अशा वेगळ्या किल्ल्या कर. एकच फाइल दोन्हीकडे टाकू नकोस. उद्या फोन हरवला, तर राउटरमधून तेवढी एक नोंद काढली की झालं. आणि त्या फाइलचा क्यूआर कोड व्हॉट्सॲपवर कुणालाही पाठवायचा नाही, मलासुद्धा. त्यात खासगी किल्ली असते.

हे सगळं बेंगळुरूतून करू नकोस. दिवाळीला चार दिवस येणार आहेस, तेव्हा राउटरसमोर बसून कर. लांबून एक सेटिंग चुकलं तर तू बाहेर अडकशील आणि दाजींना, म्हणजे तुझ्या बाबांना, फोनवर 'मागच्या बारीक भोकात पिन दाबा' सांगत बसशील. इंटरनेट कंपनीनं दिलेल्या फायबरच्या डब्यात बहुतेक वेळा वायरगार्ड नसतं. त्यामागे स्वतःचा राउटर लाव, वायरगार्ड असलेला किंवा ओपनडब्ल्यूआरटी चालणारा, आणि कंपनीच्या डब्याला ब्रिज मोडमध्ये टाकायला सांग. त्यासाठी जोडणीचं यूजरनेम-पासवर्ड लागतं. ते आधीच मागून ठेव, दिवाळीत कोण देणार?

आता खरी अडचण. राउटरच्या स्टेटस पानावर वॅन आयपी, म्हणजे राउटरला कंपनीकडून मिळालेला पत्ता, लिहिलेला असतो. तो १०० नं सुरू होत असेल आणि दुसरा आकडा ६४ ते १२७ मधला असेल, तर कंपनीनं तुमच्या गल्लीतल्या अनेकांना मिळून एकच बाहेरचा पत्ता दिलाय. याला सीजीनॅट म्हणतात. अशा वेळी तू कितीही पोर्टं उघड, बाहेरून काही आत येणार नाही. कित्येक पोरं इथंच दोन-दोन रात्री डोकं फोडतात आणि शेवटी राउटरचा फायरवॉलच बंद करून टाकतात. तसं करायचं नाही. कंपनीकडून पैसे भरून स्टॅटिक आयपी घ्यायचा, नाहीतर टेलस्केल नावाची सेवा वापरायची. टेलस्केलच्या पोटात वायरगार्डच आहे, आणि ते आतून बाहेर जोडणी करत असल्यानं सीजीनॅटची अडचण येत नाही. मिरजेच्या घरापुरतं मला तेच बरं वाटतं. मात्र तिथं घराची किल्ली एका ऑनलाइन खात्यात जाते, म्हणून त्या खात्याला दुहेरी पडताळणी लावल्याशिवाय पुढचं पाऊल टाकू नकोस.

घरातल्या नेटवर्कचा पत्ता १९२.१६८.१ असाच ठेवू नकोस, १९२.१६८.५७ असं काहीतरी कर. तुझ्या बेंगळुरूच्या खोलीतल्या राउटरचाही पत्ता १९२.१६८.१ असेल, तर टनेल जोडलेलं दिसेल पण दाजींचा कॉम्प्युटर सापडणार नाही. झालं की फोनचं वायफाय बंद कर, मोबाइल डेटावर गल्लीच्या तोंडापर्यंत चालत जा, टनेल चालू कर आणि ब्राउझरमध्ये १९२.१६८.५७.१ टाक. राउटरचं पान दिसलं तर जमलं. मग टनेल बंद करून तेच पुन्हा टाक. आता ते दिसता कामा नये. ही दुसरी तपासणी कुणी करत नाही, पण तू कर.

यूपीएनपी बंद करायला विसरू नकोस. ते चालू असेल तर डीव्हीआर कुणालाही न विचारता राउटरकडून स्वतःच पोर्ट उघडून घेतो, आणि तुझी सगळी मेहनत पाण्यात जाते. पिन टाकून वायफाय जोडायची डब्ल्यूपीएसची सोयही बंद. त्याचा पिन आठ आकडी दिसत असला तरी तो दोन तुकड्यांत तपासला जातो, त्यामुळे अकरा हजार प्रयत्नांत सापडतो. हे २०११ मध्येच उघड झालंय. राउटरचा आणि डीव्हीआरचा मूळ पासवर्ड बदल, फर्मवेअर नवं कर, बाहेरून राउटरचं पान उघडायची सोय असेल तर ती बंद कर. आणि राउटरला बारा व्होल्टचा छोटा यूपीएस लाव, नाहीतर लाइट गेली की तुझं सगळं थांबलं.

एक गोष्ट मात्र राउटरच्या बाहेरची. हॉलमधल्या कॅमेऱ्याचं तू ताईला, म्हणजे तुझ्या आईला, विचारलंस का? फाटकावरचा कॅमेरा ठीक आहे. पण ती दुपारी हॉलमध्ये आडवी होते, शेजारच्या काकू येऊन बसतात, त्यांच्या सुखदुःखाच्या गोष्टी चालतात. तू काळजीपोटी बघणार हे मला माहीत आहे, पण आपल्याला कुणी बघतंय का हे तिला कळणार नाही आणि ती आपल्याच घरात अवघडून बसेल. दोघांना समोर बसवून काय काय दिसणार ते तुझ्या फोनवर दाखव. ताई नको म्हणाली, तर तो कॅमेरा काढ. तिथं तुझी-माझी हुशारी चालवायची नाही.

पासवर्ड, वायरगार्डचं पोर्ट, कंपनीचा ग्राहक क्रमांक हे सगळं एका वहीत लिहून दाजींच्या कपाटात ठेव. खाली माझा नंबर टाक. तू विमानात असशील आणि नेट बंद पडेल, तेव्हा त्या दोघांना फोन करायला कुणीतरी हवं.

येत्या शनिवारी दाजींकडून राउटरच्या स्टेटस पानाचा फोटो मागवून मला पाठव. वॅन आयपी काय आहे ते बघू, मग कोणता राउटर घ्यायचा ते सांगतो. तोवर काहीही उघडू नकोस.

तुझा,
मामा