नव्या संघात रुजू होताना

मुक्काम चंद्रपूर

चिरंजीव भाच्यास मामाचे अनेक उत्तम आशीर्वाद.

गेले आठ दिवस गोल बाजारात आणि भाऊजींच्या खाण-वसाहतीत एकच वार्ता फिरते आहे, की ताईच्या पोराला त्याच्या संघाने दुसऱ्याला देऊन टाकले, मोबदल्यात दुसरा खेळाडू घेतला, आणि आता पोराचे काही खरे नाही. बाजारगप्पांची मी आजवर दखल घेतली नाही व याही वेळी घेतली नसती. परंतु परवा तुझ्या खोलीतल्या सोबत्याच्या वडिलांचा फोन आला आणि त्यांनी संकोचत संकोचत जे सांगितले, त्याने माझी झोप उडाली. तू सरावाला जातोस, पण कोणाशी अक्षर बोलत नाहीस. सगळ्यांचे उरकल्यावर एकटा जेवायला जातोस. ताईचा फोन वाजत राहतो आणि तू तो उचलत नाहीस. आणि हंगाम संपला की हॉकी सोडून गावी परतायचे, असे त्या मुलापाशी बोलून गेलास.

मला संताप आला, हे प्रथम लिहून टाकतो. तुला पुण्याच्या निवडचाचणीला नेता यावे म्हणून भाऊजींनी लागोपाठ रात्रपाळ्या पत्करून रजा साठवली, ताईने गळ्यातली पोत मोडली, आणि त्या चाचणीत नवे बूट टाचेला चावले म्हणून तू अनवाणी धावलास, तरीही यादीत तुझे नाव आले. हे सर्व ज्याच्या बाबतीत घडले, तो मुलगा संघाच्या कचेरीतून निघालेल्या एका कागदाने खचावा, हे मला पटत नाही. वनखात्याच्या नोकरीत बदलीचे हुकूम मी पुष्कळ पाहिले, काही स्वतः टाइप केले, आणि त्यावरून एवढे खात्रीने सांगतो, की ज्याची बदली होते त्याच्या लायकीचा निवाडा त्या हुकमात क्वचितच असतो. बहुधा कुठे तरी एक जागा रिकामी असते आणि ती भरण्याची कोणाला तरी निकड असते. तुझ्या जुन्या संघाला बचावातला माणूस हवा होता आणि नव्या संघाला आघाडीतला. त्या नव्या संघात कोणी तरी तुझे नाव घेतले, तुला मागून घेतले, ही अर्धी हकीकत तू विसरलास आणि जुन्यांनी सोडले एवढीच अर्धी उराशी धरून बसलास.

अशा अदलाबदलीनंतर तरुण खेळाडूचे भले होते काय, हा तुझ्या मनातला प्रश्न मी समजू शकतो. आपली हॉकी लीग 2017 नंतर बंद पडली ती 2024च्या अखेरीस पुन्हा सुरू झाली, त्यामुळे तिच्यात असे दाखले अजून फारसे साचलेले नाहीत. ते क्रिकेटच्या लीगमधून घ्यावे लागतात, याचा राग मानू नकोस. 2019च्या नोव्हेंबरात राजस्थानच्या संघाने आपल्या संगमनेरकडच्या अजिंक्य रहाणेला दिल्लीला दिले आणि त्याच्या मोबदल्यात मयंक मार्कंडे व राहुल तेवतिया हे दोन तरुण घेतले. रहाणे कसोटीतला नामांकित फलंदाज; तेवतियाचे नाव फार थोड्यांना ठाऊक. पुढल्याच हंगामात, 27 सप्टेंबर 2020 रोजी, शारजात 224 धावांचा पाठलाग चालू असता फिरकी गोलंदाजांवर तुटून पडण्यासाठी तेवतियाला चौथ्या क्रमांकावर पाठवले, आणि कितीतरी वेळ त्याच्या बॅटला चेंडू धड लागेना. पाहणाऱ्यांनी त्याच्या नावाने कपाळाला हात लावला असता त्याने कॉट्रेल या गोलंदाजाच्या एकाच षटकात पाच षटकार मारले व राजस्थानने तो सामना जिंकला. रहाणेच्या वाट्याला मात्र दिल्लीत बाकच अधिक आला. 2021च्या हंगामात तो अवघे दोन सामने खेळला, पुढे कोलकात्यालाही बस्तान बसले नाही, आणि 2023च्या हंगामासाठी चेन्नईने त्याला 50 लाखांच्या मूळ किमतीत घेतले, तेव्हा कुठे त्याची बॅट अशी तळपली, की त्याच वर्षी जूनमध्ये जागतिक कसोटी अजिंक्यपदाच्या अंतिम सामन्यात भारताकडून त्याने 89 धावा काढलेल्या आपण पाहिल्या. अदलाबदल एकच, एकाला दहा महिन्यांत फळ आले, दुसऱ्याला साडेतीन वर्षे आणि आणखी दोन संघ लागले. भाऊजींना मी उमेश यादवची गोष्ट सांगितली. तोही वलनीच्या कोळसा खाणीवरच्या कामगाराचा मुलगा; 2021 साली दिल्लीकडून त्याला एकही सामना मिळाला नाही, आणि पुढल्या वर्षी कोलकात्याकडून त्याने 16 बळी घेतले. भाऊजी ऐकून काही बोलले नाहीत, पण त्या रात्री नीट जेवले, असे ताई म्हणाली.

आणि तुझ्याच खेळाचे म्हणशील, तर ज्याचे चित्र तू शाळेच्या वहीवर चिकटवले होतेस त्या धनराज पिल्लेकडे पाहा. खडकीच्या दारूगोळा कारखान्यातल्या मैदानाची निगा राखणाऱ्याचा तो मुलगा. मोडक्या स्टिका बांधून आणि टाकून दिलेले चेंडू गोळा करून शिकला, भावाच्या मागोमाग मुंबईस गेला, आणि पुढे लंडन, लिऑन, स्टुटगार्ट, मलेशिया, ढाका अशा किती मुलखांतल्या क्लबांकडून खेळला. प्रत्येक ठिकाणची भाषा निराळी, अन्न निराळे, सोबती निराळे. 1998 साली बँकॉकला त्याच्या कप्तानीखाली 32 वर्षांनी आशियाई सुवर्ण आले आणि त्यानंतर लगेच निवडलेल्या संघात त्याचेच नाव नव्हते. तरीही तो सिडनीला खेळला, अथेन्सला खेळला. चार ऑलिंपिक आणि चार विश्वचषक एवढी त्याची कारकीर्द. संघ बदलल्याने बुद्धी आणि मनगट गावी राहून जात नाहीत.

मात्र नुसत्या गुणांवर भिस्त ठेवू नकोस. 1975 साली क्वालालंपूरला विश्वचषक जिंकणारा आपला देश दुसऱ्याच वर्षी मॉन्ट्रियलला कृत्रिम हिरवळीवर उतरला आणि सातवा आला. पायांखालची जमीन बदलली की मातब्बरालाही नव्याने शिकावे लागते. तुझ्या खेळात आता पंधरा-पंधरा मिनिटांचे चार भाग, खेळाडू हवे तितक्या वेळा आत-बाहेर होतात. आघाडीवाल्याला मिळते ती चार-पाच मिनिटांची, तुकड्या-तुकड्यांची संधी. त्या संधीत गोलाकडे पाठ करून उभ्या असलेल्या माणसाला चेंडू हवा असेल तर ओरडून मागावा लागतो, आणि मागून प्रतिस्पर्धी अंगावर येतो आहे हे त्याला सोबत्याने ओरडून सांगावे लागते. जो शिबिरात कोणाचे नाव घेत नाही, त्याचे नाव मैदानात कोण घेणार? म्हणून मला तुझ्या खेळाची धास्ती अजिबात वाटत नाही. वाटते ती तुझ्या या अबोल्याची. आजच प्रशिक्षकांकडे जा आणि विचार, की मला कशासाठी आणले, आघाडीच्या कोणत्या अंगाला उभे करणार, शॉर्ट कॉर्नरला माझे काम कोणते. पहिल्याच सामन्यात जुन्या संघाला धडा शिकवण्याच्या भानगडीत मुळीच पडू नकोस.

माझी बदली सिरोंच्याला झाली तेव्हा मी तुझ्याहून थोडासाच मोठा होतो आणि चंद्रपुरात लेफ्ट हाफला बरा खेळत असे. तिथे प्राणहिता गोदावरीला मिळते, मुलूख देखणा, पण चहूकडे तेलुगू बोलणे, आणि मला त्यातले अवाक्षर कळेना. संध्याकाळी शाळेमागच्या मोकळ्या जागेत पोरे खेळत. त्यांचे एक शिक्षक मोडक्यातोडक्या मराठीत मला बोलवायला आले. मी डोके दुखते असे सांगून आत बसलो, पुढेही बसतच राहिलो, आणि काही पावसाळ्यांनी माळ्यावरून स्टिक काढली तेव्हा ती वाळवीने मुठीपासून पोखरलेली होती. त्या शिक्षकांबरोबर मी गेलो असतो तर मोठा खेळाडू झालो असतो असे नाही. पण संध्याकाळी चार माणसे माझी वाट पाहत असती, एवढे मात्र खचित.

तू जिथे शिबिराला आहेस, तो सुंदरगढ जिल्हाही आपल्यासारखाच जंगलाचा आणि आदिवासींचा. दिलीप तिर्की आणि अमित रोहिदास हे हॉकीपटू त्याच जिल्ह्यातल्या सौनामारा गावचे. आपल्याकडे साग, तिकडे साल, एवढाच काय तो भेद. तिथल्या पोरांशी बोलून पाहा. हिंदी मोडकी असली तरी चालते.

रागाने लिहायला बसलो होतो, बाळा, पण लिहिता लिहिता तुझी ती अनवाणी धाव आठवली आणि राग कुठच्या कुठे गेला. खरे सांगतो, तुला खेळायला घेतले, बाकावर बसवले, पुन्हा दुसऱ्या संघाला दिले, तरी आमच्या लेखी काही बदलत नाही. सर्व प्रयत्न करूनही मन मागे फिरले तर घरी ये, तुझ्या खोलीला कुलूप लागलेले नाही. फक्त न बोलता येऊ नकोस. ताई जवसाची चटणी कुटते आहे. पुढल्या रविवारी मी आणि ती नागपूरहून हावड्याच्या गाडीने रूरकेल्याला तुझ्याकडे येत आहोत. आणखी काय हवे ते तिला फोन करून सांग. ती रात्री अकरापर्यंत जागी असते.

तुझा,
मामा