फोर्कमध्ये कोंडलेली हवा

गोव्याच्या किनाऱ्यावर विकत घेतलेला वेफर्सचा हवाबंद पुडा घाट चढून बेळगावमार्गे बेंगळुरूला नेला, तर तो वाटेत फुगू लागतो आणि मुक्कामी पोचेपर्यंत फुग्यासारखा टणक होतो. पुड्यात हवा भरली कोणी? कोणीच नाही. आतली हवा होती तितकीच आहे. बाहेरची मात्र विरळ झाली आहे. बेंगळुरू समुद्रसपाटीपासून सुमारे ९२० मीटर उंचीवर वसलेले असल्यामुळे तेथील हवेचा दाब किनाऱ्यावरील दाबाच्या जेमतेम नऊ दशांश भरतो. त्याच प्रवासात मोटारसायकलच्या पुढच्या फोर्कमध्येही, म्हणजे गॅरेजमध्ये ज्याला ‘शॉकअप’ म्हणतात त्यात, नेमके हेच घडत असते. फरक इतकाच की, पुडा फुगलेला दिसतो आणि फोर्क पोलादी असल्यामुळे दिसत नाही.

हा शोध तसा जुनाच आहे. १६४८ साली ब्लेझ पास्कालच्या सांगण्यावरून त्याचा मेहुणा फ्लोरँ पेरिए पाऱ्याची नळी घेऊन फ्रान्समधील प्वी द दोम हा डोंगर चढला. पायथ्याच्या गावापेक्षा सुमारे एक हजार मीटर उंचावर पोचल्यावर नळीतील पारा आठ सेंटिमीटरांहून थोडा अधिक खाली उतरलेला आढळला. किनाऱ्यापासून बेंगळुरूपर्यंतची चढण जवळपास तेवढीच आहे.

आता फोर्कची अंतर्रचना पाहू. एका नळीत दुसरी नळी सरकते. आत एक लांब स्प्रिंग असते, हालचालीला आवर घालणारे तेल असते आणि तेलाच्या वर काही सेंटिमीटर मोकळी जागा असते. या मोकळ्या जागेतील हवा निरुपयोगी नव्हे. चाक खड्ड्यात आदळून नळी आत शिरली की ही हवा आकसते आणि दुसऱ्या स्प्रिंगचे काम करते. घनफळ एक तृतीयांश झाले तर दाब तिप्पट होतो, हा बॉइलचा नियम येथे अक्षरशः लागू पडतो. फोर्कची आखणी करणारा अभियंता या हवेचा हिशेब आधीच मांडून ठेवतो; पण फोर्क पूर्ण ताणलेला असताना आतला दाब बाहेरच्या दाबाइतकाच असेल, असे त्यात गृहीत धरलेले असते.

हे गृहीत तीन कारणांनी मोडते. उंचीचे कारण वर आलेच. दुसरे कारण उष्णता. खडबडीत मार्गावर तेल सतत घुसळले जाऊन तापते. सकाळी २७ अंशांवर असलेली हवा ४७ अंशांवर गेली, तर तिचा दाब सुमारे सात टक्क्यांनी वाढतो. तिसरे कारण जरा लबाड आहे. फोर्क झटक्याने ताणला जातो तेव्हा ऑइल सीलच्या ओठावरून किंचित हवा आत ओढली जाते, परंतु त्याच वाटेने ती सहजी बाहेर पडत नाही. सील अशा वेळी पंपाच्या वॉशरसारखे वागते.

वाढलेला दाब म्हणजे प्रत्यक्षात किती भार? फोर्कच्या सरकत्या नळीचा व्यास ४१ मिलिमीटर असेल तर तिचा छेद सुमारे १३ चौरस सेंटिमीटर होतो. किनारा ते बेंगळुरू एवढ्या चढणीने प्रत्येक नळीवर सव्वा किलोच्या आसपास जादा भार येतो. बेंगळुरूतच हवा सोडून घेतलेल्या फोर्कशी तुलना केली, तर फोर्क खोलवर दबल्यावर हाच फरक तिप्पट होतो. कार्यालयात जाण्यायेण्यासाठी गाडी वापरणाऱ्याला हे कळणारही नाही, आणि त्याने त्याची चिंता करण्याचे कारणही नाही. मातीच्या मार्गावर वेगाने जाणाऱ्याला मात्र पुढचे चाक बारीक दगडांवरून घरंगळत असल्याचे, हँडल मनगटांना हादरे देत असल्याचे लगेच जाणवते. त्याहून वाईट म्हणजे, जादा दाबामुळे तेल सीलवाटे पाझरू लागते आणि ओघळत ब्रेकच्या डिस्कवर येते. तेलकट डिस्कचा ब्रेक आयत्या वेळी लागत नाही.

म्हणूनच मैदानी शर्यतीच्या अनेक गाड्यांमध्ये फोर्कच्या टोपणावर एक छोटा स्क्रू ठेवलेला असतो. गाडी ठोकळ्यावर अशी उभी करावी की पुढचे चाक जमिनीपासून सुटेल आणि फोर्क पूर्ण ताणला जाईल. स्क्रूभोवतीची धूळ आधी फडक्याने पुसावी, नाहीतर ती थेट तेलात जाईल. स्क्रू सैल करताच ‘फुस्स’ असा आवाज होतो, क्वचित तेलाचे तुषारही उडतात. आवाज थांबला की स्क्रू हलक्या हाताने आवळावा. टोपण ॲल्युमिनियमचे असते आणि त्याचे आटे चटकन मरतात. दुसऱ्या नळीचेही तसेच करावे. मोठे टोपण मात्र सोडू नये, कारण त्याखाली स्प्रिंग दबलेली असू शकते.

चाक जमिनीवर टेकलेले असताना स्क्रू सोडणे, ही सर्वांत नेहमीची चूक. त्या वेळी फोर्क थोडा दबलेला असतो. जादा हवेबरोबर हवी असलेली हवाही निघून जाते. पुढे फोर्क ताणला की आत बाहेरच्यापेक्षा कमी दाब उरतो आणि गाडीचे तोंड खाली बसते. ज्या फोर्कमध्ये स्प्रिंगऐवजी मुद्दाम पंपाने हवा भरलेली असते, त्याच्या व्हॉल्व्हला तर हातच लावू नये. ती हवा म्हणजेच त्याची स्प्रिंग होय.

बेंगळुरूचे सी. एस. संतोष २०१५ साली डाकार रॅलीत उतरले. ही शर्यत पूर्ण करणारे ते पहिले भारतीय ठरले आणि मोटारसायकल गटात त्यांना ३६वे स्थान मिळाले. त्या वर्षी हा गट चिलीतील इकीके या समुद्रकाठच्या शहरातून बोलिव्हियातील उयुनीला गेला. उयुनीची उंची सुमारे ३,६५० मीटर, म्हणजे बेंगळुरूच्या जवळजवळ चौपट. तेथे हवेचा दाब किनाऱ्याच्या दोन तृतीयांशाहूनही कमी असतो. अशा गाड्यांच्या ४८ मिलिमीटरच्या फोर्कची हवा इकीकेला सोडून घेतली असेल, तर उयुनीला पोचताना दोन्ही नळ्यांवर मिळून १२ ते १३ किलो जादा भार चढतो; पठारावरची थंडी त्यातला थोडा उतरवते.

यावरून हवा कोठे सोडावी याचेही उत्तर मिळते. ती घरी नव्हे, तर जेथे गाडी चालवायची तेथे सोडावी. बेंगळुरूहून ट्रकमध्ये करकचून बांधून आणलेल्या गाडीचे दोर सोडल्यावर, फोर्क ताणून, पहिल्या फेरीआधी हे काम उरकावे. उयुनीहून मोटारसायकली दुसऱ्या दिवशी पुन्हा इकीकेच्या किनाऱ्याकडे उतरल्या. पठारावर हवा सोडलेला फोर्क त्या उतरणीत हळूहळू उलट्या दोषाकडे जातो: बाहेरचा दाब चढतो, आतला तोकडा पडतो आणि फोर्क नरम होत जातो. स्क्रू तेव्हाही सोडावा लागतो. मात्र त्या वेळी हवा बाहेर येत नाही, आत जाते.